सारा लहान, कर्ज मोठं : थकबाकीत जमीन कशी जायची त्याचा इतिहास

खरिपाच्या नोंदी चालूच आहेत, पण आज पिकाचं नाही, साऱ्याचं लिहितो. कारण आपल्याकडे अजून एक समज पक्का आहे, की जमीन जाते ती मोठ्या कर्जापायी. जुने कागद बघितले तर दिसतं वेगळंच. सुरुवात बहुतेक वेळा लहान रकमेपासून व्हायची.

इंग्रजांनी दख्खनात सारा रोख आणि ठरावीक केला. प्रिंगलसाहेबाची पहिली आकारणी इतकी जड झाली की लोक जमिनी टाकून गेले. मग 1836 मध्ये इंदापूर तालुक्यात गोल्डस्मिड आणि विंगेट यांची नवी आकारणी आली. दर कमी, आणि 30 वर्षांसाठी कायम. पद्धत तशी चांगली होती. पण पाऊस पडो न पडो, हप्त्याच्या तारखेला रोकड लागायचीच. दाणा कणगीत आणि पैसा हातात नाही, अशा वेळी सावकाराचं दार.

1861 ते 1865 अमेरिकेत यादवी चालली, कापसाला सोन्याचा भाव आला, सावकारांनी हात सैल सोडला. युद्ध संपलं, भाव कोसळले. नेमकं त्याच सुमारास, 1867 मध्ये, इंदापूरची 30 वर्षांची मुदत संपून साऱ्याचे नवे चढे दर लागू झाले. उत्पन्न खाली, सारा वर.

आता व्याजाचा हिशोब नीट बघा. आपल्याकडे दामदुपटीचा जुना नियम होता : व्याज मुद्दलापेक्षा जास्त वसूल करायचं नाही. 100 दिले तर फार तर 200. पण 1859 च्या मुदतीच्या कायद्याने साध्या कर्जरोख्याची मुदत तीन वर्षांवर आणली. हेतू ऋणकोला वाचवण्याचा. झालं उलटं. सावकार दर तीन वर्षांनी जुना रोखा फाडून नवा लिहून घेऊ लागला आणि व्याज मुद्दलात मिसळू लागला. दरमहा शेकडा दोन धरा. 100 चे तीन वर्षांत 172. नवा रोखा, सहा वर्षांत 296. पुन्हा नवा रोखा, नवव्या वर्षी 509. दामदुपट कागदावरच राहिली. अंगठा उठवणाऱ्याला वाटायचं, जुनाच कागद आहे.

डिसेंबर 1874 मध्ये शिरूर तालुक्यातल्या करडे गावाने सावकारांवर बहिष्कार टाकला. न्हावी नाही, परीट नाही, पाणी भरायला माणूस नाही. 12 मे 1875 ला सुपे इथे लोकांनी सावकारांची घरंदुकानं गाठली आणि वणवा पुणे-नगर जिल्ह्यांत पसरला. लोकांना हवे होते ते रोखे. जिथे कागद मुकाट्याने दिले, तिथे मारहाण फारशी झाली नाही.

त्यानंतर सरकारने चौकशी आयोग नेमला. आयोगाने तपासलेल्या गावांत सुमारे एक तृतीयांश खातेदार कर्जात होते, आणि कर्ज सरासरी साऱ्याच्या 18 पट होतं. हा आकडा लक्षात ठेवा. एकट्या साऱ्याने माणूस बुडत नव्हता. साऱ्यासाठी, बियाण्यासाठी, लग्नासाठी काढलेली लहान रक्कम रोख्यावर रोखा चढून साऱ्याच्या 18 पटीवर जायची.

1879 मध्ये दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी खास कायदा झाला. कोर्टाने रोख्यावरचा आकडा न मानता व्यवहार मुळापासून तपासायचा, कर्जापायी कैद नाही, रोखा गावच्या नोंदणी अधिकाऱ्यासमोरच करायचा. चांगला कायदा. पण सावकारांनी पळवाट काढली : गहाणखताऐवजी खरेदीखतच लिहून घ्यायचं. तोंडी सांगायचं, पैसे दे, जमीन परत करतो.

आपल्या ठाणे जिल्ह्याची कथा आणखी कडू. इथे पैशापेक्षा भात फिरायचं. पावसाळ्यात घरातले दाणे संपले की खावटी आणायची आणि झोडणीनंतर सवाईने किंवा दिढीने फेडायची. लग्नासाठी उचल घेतली तर नवराबायको दोघं मालकाच्या घरी राबायची, त्यांना लग्नगडी म्हणत. 7 जानेवारी 1945 ला टिटवाळ्यात किसान सभेची परिषद झाली, मे महिन्यात तलासरीकडे झरी इथे वारली जमले, आणि गोदावरी व शामराव परुळेकरांच्या साथीने वेठ मोडली. वेठबिगारीवर देशभर कायद्याने बंदी आली 1976 मध्ये.

सावकार मागे हटला तरी सरकारची थकबाकी राहतेच. महसुलाचा बोजा कायद्याने सगळ्या देण्यांच्या आधी. सारा किंवा तगाई थकली की जमीन लिलावात, बोली कुणी बोललं नाही की नाममात्र रकमेत सरकारजमा, आणि सातबाऱ्यावर शेरा : आकारी पड. 12 वर्षांच्या आत देणं फेडलं तर परत मिळण्याची वाट होती. पण बाप गेला, भाऊ मुंबईला, नोटीस कुणाच्या हाती पडली पत्ता नाही, अशी ती वर्षं निघून जात. कित्येक घरं ती जमीन कसत राहिली, पण कागदावर ती त्यांची उरली नव्हती. जानेवारी 2025 मध्ये राज्य मंत्रिमंडळाने अशा जमिनी बाजारमूल्याच्या 5 टक्के रक्कम भरून मूळ खातेदाराला किंवा वारसांना परत देण्याचा निर्णय घेतला. आजोबांच्या नावावर असा शेरा असेल तर तहसील कार्यालयात चौकशी करा.

दुसरं, खरेदीखताच्या पळवाटेवरही आता उपाय आहे. 2014 च्या सावकारी कायद्याच्या कलम 18 प्रमाणे, सावकारीच्या व्यवहारात गेल्या 15 वर्षांत बळकावलेली जमीन परत मागता येते. अर्ज सहकार खात्याच्या जिल्हा उपनिबंधकाकडे करायचा. 1879 नंतरची चाल बंद करायला एवढी वर्षं लागली.

म्हणून भात झोडून झालं की एक दिवस कागदांसाठी काढा. सातबारा, आठ-अ, फेरफार, इतर हक्कातले बोजे बघा. मयताचं नाव असेल तर वारसनोंद करा. साऱ्याची आणि सोसायटीच्या भरण्याची पावती प्लास्टिकच्या पिशवीत ठेवा, उंदरांना कायदा कळत नाही. आपल्याकडे वरकस जमिनीचा सारा आज चहाच्या बिलाएवढा असेल, पण तोही भरा आणि पावती मागा.

तुमच्या गावात आकारी पडचा शेरा कुठे निघाला असेल तर सांगा. नाव-गट नंबर इथे टाकू नका, फक्त पुढे काय झालं ते लिहा. दुसऱ्याला वाट सापडेल.