‘झिंगाट’: गाणं चित्रपटातून सुटतं कसं

लोकप्रिय गाणं आणि हिट गाणं यांत फरक करायला हवा. लोकप्रिय गाणं लोक ऐकतात. हिट गाणं वापरतात. आणि वापरायचं तर ते मूळ प्रसंगापासून सुटं होण्याजोगं लागतं.

२९ एप्रिल २०१६ रोजी आलेल्या ‘सैराट’मध्ये गाणी चारच. त्यासाठी संगीतकार अजय-अतुल यांनी हॉलिवूडच्या सोनी स्कोअरिंग स्टेजवर पाश्चात्त्य वाद्यवृंद ध्वनिमुद्रित केला, आणि ‘याड लागलं’ ऐकताना ती सगळी खटपट सार्थकी लागल्याचं पटतं. वरातीत मात्र शिरलं ते ‘झिंगाट’.

याचं पहिलं कारण गळ्यात आहे. ‘झिंगाट’चं धृपद गायचं नसतं, ओरडायचं असतं. ‘झिं’चा अनुनासिक घुमारा पुन्हा पुन्हा आदळत ताण चढवतो आणि शेवटचा ‘ट’ तो ताडकन तोडतो. म्हणजे ताल शब्दातच भरलेला आहे. नाचून दम लागलेल्या माणसाला लांब ओळ झेपत नाही, सूर तर त्याहून नाही. इथे दोन्हींची गरज पडत नाही. अंतरा अर्धामुर्धा पाठ असला तरी कुणाचं अडत नाही.

याच जोडीच्या दुसऱ्या गाण्याशी तुलना केली की मुद्दा नेमका होतो. ‘जत्रा’मधलं (२००६) ‘कोंबडी पळाली’ २०१२च्या ‘अग्निपथ’मध्ये ‘चिकनी चमेली’ झालं. चाल गेली, मराठी शब्द मागे राहिले. २०१८च्या ‘धडक’साठी अमिताभ भट्टाचार्य यांनी ‘झिंगाट’लाही हिंदी शब्द लिहिले, पण तो एक शब्द कुणी हलवला नाही. हलवला असता तर चालीचाच कणा मोडला असता, असं माझं मत.

प्रसिद्धीनं गाणी हिट होतात, हा आक्षेप अर्धाच खरा. प्रसिद्धी पहिल्यांदा ऐकवते. डीजेवाल्याकडे तेच गाणं एका रात्रीत तिसऱ्यांदा मागायला लावणं तिच्या हातात नसतं.

अर्थाचा प्रश्न अधिक अवघड. नागराज मंजुळे यांनी हे गाणं वाढदिवसाच्या जल्लोषात ठेवलं आहे. पाटलाची लेक आणि मासेमारी करणाऱ्या घरातला पोरगा परश्या एकाच ठेक्यावर नाचतात. त्याच रात्री त्यांचं प्रेम उघडं पडतं आणि मारहाण सुरू होते. पडद्यावर जात विसरली जाते ती जेमतेम गाणं चालू असेपर्यंत. दिग्दर्शकानं आनंद मुद्दाम एवढा उधळला आहे, कारण पुढचा आघात त्यावरच उभा आहे.

वरातीत हा पुढचा भाग गळून पडतो. पत्रिका, गोत्र, पोटजात जुळवून ठरवलेल्या लग्नातही ‘झिंगाट’ लागतं आणि त्यात कुणाला काही खटकत नाही. याला श्रोत्यांचा बेफिकीरपणा म्हणणं सोपं आहे. पण ही सोय रचनेतच होती: धृपदात ना नायक आहे, ना गाव, ना जात. ‘याड लागलं’ला असं सुटता आलं नाही, ते लागलं की अजूनही परश्याच आठवतो.