शेरा आधी, परीक्षा नंतर

कचेरीत नवा माणूस रुजू होतो. साहेब त्याचे आडनाव वाचतो आणि मनाशी काही ठरवून टाकतो. मग जबाबदारीचे काम त्याच्याकडे जात नाही. काम नाही म्हणून तो शिकत नाही. आणि वर्षअखेर गोपनीय अहवालात ‘कार्यक्षमता बेताची’ असा शेरा पडतो. साहेबाला वाटते, आपली पारख अचूक निघाली. 1968 साली रोझेन्थाल आणि जेकबसन यांनी शाळेतील मुलांबाबत, तर 1969 साली लिव्हिंग्स्टन यांनी उद्योगधंद्यांतील वरिष्ठांबाबत हेच मांडले: वरिष्ठ जशी अपेक्षा धरतो, तसा हाताखालचा माणूस घडतो किंवा खचतो. हे समजण्यासाठी आपल्याला अमेरिका गाठण्याचे कारण नाही. शिरूर पुरे आहे.

शिरूर ही तेव्हा कंपनीची छावणी. 31 डिसेंबर 1817 च्या रात्री कॅप्टन स्टॉन्टन इथून पुण्याकडे निघाला. बरोबर मुंबई पायदळाची एक पलटण, थोडे घोडेस्वार आणि मद्रासचे तोपची, सगळे मिळून सुमारे 834. रात्रभर चालून आलेली ही माणसे दुसऱ्या दिवशी भीमा कोरेगावात पेशव्यांच्या कितीतरी मोठ्या फौजेपुढे अन्नपाण्यावाचून रात्रीपर्यंत लढली. तहानेने व्याकूळ झालेल्या काही तोपचींनी शरण जाण्याची विनंती केली. स्टॉन्टनने ती मानली नाही. आपली माणसे टिकतील हे त्याने गृहीत धरले, आणि ती टिकली. स्तंभावर कोरलेल्या कंपनीच्या मृतांपैकी 22 नावांच्या शेवटी ‘नाक’ आहे. बाकीच्यांत मराठे आहेत, मुसलमानही आहेत. कंपनीने हे आपल्यावरील प्रेमापोटी केले, असा भाबडेपणा कोणी करू नये. तिला राज्य हवे होते. पण तिने काम सोपवले, एवढे खरे.

पुढे काय झाले? 1885 ते 1893 या काळात लॉर्ड रॉबर्ट्स हिंदुस्थानचा सरसेनापती होता. लढाऊ जाती आणि बिगरलढाऊ जाती अशी विभागणी त्याच्या काळात लष्कराचे धोरण बनली. दक्षिणेकडील शिपाई नेभळट झाले, असा त्याचा ग्रह होता. 1892-93 च्या सुमारास महारांची भरती बंद पडली. माणसे तीच होती, त्यांच्या घरी आजोबा-पणजोबांची पदके होती. बदलली ती वरच्यांची नजर. आणि या नजरेची खुबी अशी की तिला खोटे पाडण्याची वाटच उरत नाही. भरती नाही म्हणून पराक्रम नाही, आणि पराक्रम नाही म्हणून भरती नाही. ज्याला परीक्षेलाच बसू दिले नाही, त्याच्या नावापुढे नापास लिहिले गेले.

नुकसान केवळ पगाराचे नव्हते. पलटणीत शिपायांना व त्यांच्या मुलांना शिकवण्याची व्यवस्था होती. तिथे महार शिकेल अशी अपेक्षा होती, आणि महार शिकला. सुभेदार रामजी सकपाळ लष्करी शाळेचे मुख्याध्यापक झाले ते याच व्यवस्थेतून. गावच्या शाळेत तोच मुलगा दाराबाहेर बसत होता. बुद्धी गावाच्या वेशीवर बदलत नसते.

म्हणूनच निवृत्त शिपाई गोपाळबाबा वलंगकर यांनी 1894 साली अर्ज तयार केला. 1910 साली शिवराम जानबा कांबळे यांनी भारतमंत्र्यांकडे लष्करात व पोलिसांत प्रवेश मागितला. या अर्जांना केवळ विनवणी म्हणणे मला पटत नाही. हा आधीच लिहून ठेवलेल्या शेऱ्यावरचा आक्षेप होता. उत्तर मिळाले ते न्यायबुद्धीमुळे नव्हे, तर गरजेमुळे. पहिल्या महायुद्धात माणसे कमी पडली तेव्हा 1917 साली 111 वी महार पलटण उभी राहिली. युद्ध सरले, 1921 साली ती मोडली. दुसऱ्या युद्धात, बाबासाहेब संरक्षण सल्लागार समितीवर असताना, ऑक्टोबर 1941 मध्ये बेळगावला महार रेजिमेंट स्थापन झाली. ती आजही आहे. चोवीस वर्षांत एक जमात तीनदा लायक, नालायक, लायक कशी ठरते?

आज राज्यघटनेचे 335 वे कलम प्रशासनाच्या कार्यक्षमतेचा उल्लेख करते, आणि आरक्षणाची गोष्ट निघाली की तोच शब्द आपल्या तोंडावर फेकला जातो. कार्यक्षमता आम्हालाही हवी आहे. पण ‘योग्य उमेदवार मिळाला नाही’ असे लिहिणाऱ्याला एवढे विचारलेच पाहिजे: त्याच्या हाताखाली आलेल्या आपल्या माणसाला त्याने पहिल्या वर्षी कोणते काम दिले होते?