कंसातला सिंध

अंबरनाथहून कल्याणकडे निघालं की पुढचं स्टेशन उल्हासनगर. डब्यात हमखास कुणीतरी जीन्सवरून नाहीतर डुप्लिकेट मालावरून विनोद करतं. 'मेड इन यूएसए' म्हणजे उल्हासनगर सिंधी असोसिएशन, हा जोक आमच्या इंजिनिअरिंगच्या वर्गातही शिळा झाला होता. मीही हसायचो. स्टेशनजवळच्या सीएचएम कॉलेजचं, म्हणजे श्रीमती चांदीबाई हिमथमल मनसुखानी कॉलेजचं, मूळ कुठलं हे मात्र कधी विचारलं नाही.

दुसऱ्या महायुद्धात इथे लष्कराचा कल्याण कॅम्प होता. फाळणीनंतर त्याच बराकींमध्ये नव्वद हजारांवर सिंधी निर्वासित आले. 8 ऑगस्ट 1949 रोजी गव्हर्नर जनरल राजगोपालाचारींनी नव्या शहराची कोनशिला बसवली, उल्हास नदीवरून नाव पडलं. पत्त्यात मात्र अजून 'कॅम्प नंबर तीन' लिहितात.

पंजाब, बंगाल निदान विभागले गेले. सिंध अख्खा पाकिस्तानात गेला. तरी या लोकांचा मुंबईशी एक जुना धागा होता. सिंध 1936 पर्यंत मुंबई इलाख्यातच होता, आणि वेगळा प्रांत झाल्यावरही तिथली कॉलेजं मुंबई विद्यापीठालाच जोडलेली राहिली. सिंधचं स्वतःचं विद्यापीठ निघालं ते थेट 1947 मध्ये. म्हणजे कराचीत शिकलेल्याच्या पदवीवर मुंबईचं नाव असायचं, मग त्याने मुंबई पाहिलेली असो वा नसो.

हैदराबादच्या (निजामाच्या नव्हे, सिंधमधल्या) नॅशनल कॉलेजचे प्राचार्य के. एम. कुंदनानी असेच सगळं सोडून मुंबईत आले. बॅरिस्टर होतचंद अडवाणींच्या साथीने त्यांनी 1949 मध्ये वांद्र्याला पुन्हा नॅशनल कॉलेज उभं केलं. 1954 मध्ये चर्चगेटचं के. सी. आलं, 1965 मध्ये उल्हासनगरचं सीएचएम. संस्थेचं नाव आजही 'हैदराबाद (सिंध) नॅशनल कॉलेजिएट बोर्ड'. गाव सुटलं, पण नावातला कंस त्यांनी सोडला नाही.

सीएचएम सुरू झालं तेव्हा सिंधी भाषा राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतही नव्हती; ती आली एप्रिल 1967 मध्ये. स्वतःचं राज्य नसलेल्या भाषेला कॉलेज किती आधाराचं वाटत असेल, हे मराठी माणसाला सहज कळणार नाही.

आणि फायदा आमचाही झालाच. अंबरनाथ-बदलापूरच्या कारखान्यांत राबणाऱ्यांच्या मुलामुलींना बी.ए.साठी मुंबई गाठायची गरज उरली नाही. माझी आई त्यातलीच. तिच्या पदवीवर मुंबई विद्यापीठाचं नाव आहे. लोकलचा पास मात्र अंबरनाथ ते उल्हासनगर एवढाच होता.