निजामकाळातील नोंदी आणि कारकुनाचे इमान

2023 च्या सप्टेंबरनंतर आमच्या भागात उर्दू वाचणाऱ्या माणसाला अचानक भाव आला. 29 ऑगस्टला अंबड तालुक्यातील अंतरवाली सराटीत मनोज जरांगे पाटील उपोषणाला बसले, 1 सप्टेंबरला तिथे पोलिसांचा लाठीमार झाला, गृहमंत्र्यांना सरकारच्या वतीने माफी मागावी लागली आणि आठवडाभरात निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली. मराठ्यांच्या कुणबी नोंदी शोधायच्या तर निजामकाळच्या दफ्तरात शिरणे भाग होते. ते दफ्तर बरेचसे उर्दूत, काही मोडीत. ज्या लिपीला आजवर ‘मुसलमानांची’ म्हणून बाजूला ठेवले, तिच्यात अनेकांच्या पणजोबांची जात लिहिलेली निघाली.

मी शाळेत उर्दू आणि मराठी शिकवतो. ओळखीचे लोक जुन्या रजिस्टरांच्या झेरॉक्स घेऊन घरी येऊ लागले. असेच एक साठीचे गृहस्थ आले. आजोबांचे नाव सापडले, पण ‘कौम’च्या रकान्यात स्पष्ट ‘मरहट्टा’ लिहिलेले. खालच्या ओळीतल्या माणसापुढे मात्र ‘कुनबी’. मी वाचून दाखवले. ते थोडा वेळ गप्प बसले, मग म्हणाले, “सर, खालची ओळ आमचीच म्हणून लिहून द्या की. हितं उर्दू वाचतंय कोण?”

मी म्हणालो, “मामा, तसं नाही लिहिता येणार.” ते रागावले नाहीत. नातीच्या ॲडमिशनचा प्रश्न होता, चहा घेऊन निघून गेले. पण ‘वाचतंय कोण’ हा प्रश्न माझ्या डोक्यातून गेला नाही. नव्वद वर्षांपूर्वी ज्या कारकुनाने तो रकाना भरला, त्यालाही हा प्रश्न विचारता आला असता. कारभारातली नीती काळानुसार कशी बदलली याचा विचार मी तेव्हापासून राजांकडून नाही, तर या कारकुनाकडून सुरू करतो.

आपल्याकडे जुना काळ म्हटला की एकतर सोन्याचा, नाहीतर अंधाराचा. दोन्ही खोटे. मलिक अंबरचा काळ बघा. 1626 मध्ये तो वारला, पण त्याआधी निजामशाहीच्या मुलखात त्याने जमिनीचा कस आणि पीक पाहून सारा ठरवण्याची पद्धत बसवली आणि महसुलाची मक्तेदारी मोडायचा प्रयत्न केला. शिवाजी महाराजांनी चाकरांना जहागिरीऐवजी रोख पगार देण्यावर भर दिला तो याच जातीचा विचार. पगार मिळणारा माणूस रयतेच्या घरात हात घालणार नाही, निदान त्याला तशी सबब उरणार नाही. (महाराजांनी राज्यव्यवहारकोश करवून फारसी शब्दांना संस्कृत पर्याय दिले, हे आपल्याला अभिमानाने शिकवतात. तरीही आज आपण अर्ज करतो, दाखला काढतो, नक्कल मागतो आणि तहसीलदाराच्या सहीसाठी थांबतो.)

पण त्या काळी इमान कोणाशी होते? धन्याशी. ज्याचे मीठ खाल्ले त्याच्याशी. रयतेशी इमान ठेवणे ही धन्याची मेहेरबानी होती, रयतेचा हक्क नव्हता. गावचे दफ्तर कुलकर्ण्याच्या घरात, त्याच्याच मोडीत. ज्याचे शेत त्याला आपलीच नोंद वाचता येत नसे. आणि नजराणा हा तर शिष्टाचार होता. हैदराबादच्या दरबारात शेवटच्या निजामापर्यंत नजर पेश करण्याचा रिवाज चालू राहिला. आज ज्याला आपण लाच म्हणू त्यातले पुष्कळसे तेव्हा अदब म्हणून खपत होते. हा फरक ध्यानात न घेता जुन्या माणसांना चोर ठरवणे सोपे आहे.

इंग्रज स्वच्छ होते, ही आणखी एक समजूत. कंपनीच्या नोकरांनी भेटी घेऊ नयेत म्हणून 1773 मध्ये त्यांच्या पार्लमेंटला कायदा करावा लागला, यातच सगळे आले. तरीही हैदराबादेत पामर आणि कंपनीने निजाम सरकारला भरमसाठ व्याजाने कर्ज देऊन महसूल गिळला. तिच्या भागीदारांत रंबोल्ड होता, गव्हर्नर जनरल हेस्टिंग्जने सांभाळलेल्या मुलीचा नवरा. 1820 मध्ये रेसिडेंट म्हणून आलेल्या मेटकाफने हे प्रकरण उकरले, तेव्हा त्याला वरिष्ठाचीच नाराजी पत्करावी लागली. 1824 मध्ये कंपनी बुडाली. वरिष्ठाला न आवडणारी गोष्ट कागदावर लिहिणे, मला वाटते, तिथून धन्याच्या इमानापेक्षा वेगळे काहीतरी सुरू होते.

मराठवाड्यात तो बदल पहिल्या सालार जंगांनी आणला. 1853 मध्ये ते दिवाण झाले तेव्हा खजिना रिकामा आणि वऱ्हाड कंपनीच्या ताब्यात. मुलूख मक्त्याने दिलेला. मक्तेदार जितके जास्त ओरबाडेल तितका त्याचा फायदा. सालार जंगांनी मक्ते मोडत आणले आणि 1865 मध्ये जिलाबंदी केली. जिल्ह्यावर अव्वल तालुकदार, तालुक्याला तहसीलदार, सगळे पगारी. पुढे मोजणी झाली, नमुने आले, रकाने आले. 1880 च्या दशकात दफ्तराची भाषा फारसीची उर्दू झाली. पगाराने लोभ मेला असे नाही. सालार जंग 1883 मध्ये गेले आणि पाचच वर्षांत खाण कंपनीच्या शेअर व्यवहारात राज्याचा बडा अधिकारी अब्दुल हक याने खिसा भरल्याचे प्रकरण लंडनच्या पार्लमेंटपर्यंत गाजले. पण खाली, गावपातळीवर, रकाने भरले जात राहिले. त्यावर फसली सन आहे. 590 मिळवले की इसवी सन. माझ्या हातात येतात ती पाने याच व्यवस्थेची आहेत.

उर्दू शिकस्त अक्षरात नून, बे आणि ते शब्दाच्या मध्ये आले की एकसारखे दात दिसतात. फरक असतो फक्त नुक्त्यांचा. घाईतला कारकून नुक्ते गाळतो. तरी कितीतरी पानांवर ते जागच्या जागी आहेत. कोणी बघणार नव्हते. बढतीही त्यावर नव्हती. आमच्याकडे याला अमानत म्हणतात: दुसऱ्याची वस्तू, ती मागायला येणारा कोण हे माहीत नसताना सांभाळलेली.

लिहिणे एक आणि दाखवणे दुसरे. सप्टेंबर 1948 च्या पोलीस कारवाईनंतर झालेल्या हत्यांची पाहणी पंडित सुंदरलाल समितीने केली. तिने मृतांचा अंदाज 27 ते 40 हजार असा दिला. स्वतंत्र भारताच्या सरकारने तो अहवाल जाहीर केला नाही. अभ्यासकांना तो दिल्लीतल्या ग्रंथालयात खुलेपणाने बघायला मिळाला 2013 मध्ये. आमच्या आजीच्या पिढीला त्याचा उपयोग नव्हता. कागद लिहिणाऱ्यांनी इमान राखले, पेटी बंद करणाऱ्यांनी नाही. तिथे आडवा येणारा 1923 चा शासकीय गुपितांचा कायदा इंग्रजांचा होता, पण आपल्या साहेबांना तो फार सोयीचा वाटला. महाराष्ट्रात अण्णा हजारेंच्या उपोषणानंतर 2003 मध्ये माहितीचा अधिकार आला, देशभर 2005 मध्ये आणि 2015 मध्ये सेवा हक्क कायदा. दाखला ही मेहेरबानी नाही, हे कायद्याने सांगायला इतका वेळ लागला. टेबलापाशी अजूनही तो मेहेरबानीसारखाच मिळतो, हे वाचकांना मी सांगायला नको.

आता नोंदीचे वजन आणखी वाढले आहे. जून 2024 मध्ये अंतरवालीजवळच्याच वडीगोद्रीत ओबीसींच्या बाजूने लक्ष्मण हाके उपोषणाला बसले. त्यांची भीती खोट्या दाखल्यांची. एका रस्त्यावरच्या दोन मंडपांत मागण्या उलट होत्या, पण दोघांचेही भवितव्य जुन्या पानांवर काय लिहिले आहे यावर. 2 सप्टेंबर 2025 च्या शासन निर्णयाने हैदराबाद गॅझेटियरचा आधार मान्य झाला आणि चौकशीचे काम गावपातळीवरच्या समितीकडे आले. म्हणजे पुन्हा तलाठी, ग्रामसेवक यांच्यावर. सोयरे-धायरे, पुढारी, शेजारी यांच्या गराड्यात बसलेल्या माणसांवर. निजामाच्या कारकुनाला निदान कोणी पाहत नव्हते.

ते मामा दिवाळीनंतर परत आले. दुसरे पान आणले होते, चुलत आजोबांचे. नाव बरोबर, गाव बरोबर. कौमच्या रकान्यात ‘ऐजन’, म्हणजे वरीलप्रमाणे. वरच्या ओळीत ऐजन. त्याच्या वरही ऐजन. बोट लावून आम्ही दोघे वर सरकत गेलो. अकराव्या ओळीला पान फाटलेले होते.

मामांनी माझ्याकडे बघितले. मी कागद घेतला आणि लिहिले: “नोंद – वरीलप्रमाणे. वरील भाग उपलब्ध नाही.” त्यांनी तो घडी करून खिशात ठेवला आणि विचारले, “मूळ रजिस्टर कुठं बघायला मिळंल, सर?”