संत्र्यांच्या गाडीतले बिऱ्हाड

नागपूरहून छिंदवाड्याच्या वाटेवर सौंसर लागते आणि बैतूलच्या वाटेवर पांढुर्णा. 1956 च्या राज्य पुनर्रचनेत नागपूर मुंबई राज्यात गेले आणि हा मुलूख मध्य प्रदेशात राहिला. तरी घराघरांतली मराठी हलली नाही. 2023 साली या दोन तालुक्यांचा मिळून पांढुर्णा जिल्हा झाला.

सौंसरजवळच्या जामसावळीला निजलेल्या मारुतीचे देऊळ आहे. आजारी माणसाला घेऊन लोक तिथे येतात, काही दिवस मुक्काम करतात. तिथेच मला एक जुनी मालवाहू मारुती ओमनी दिसली. मागे संत्र्यांच्या खोक्यांच्या फळ्या जोडून केलेला पलंग, त्यावर गोधडी, खाली पाण्याचा कॅन आणि स्टोव्ह. पलंगावर म्हातारी आई निजली होती. मुलगा म्हणाला, "दिवसा संत्रं वाहते भाऊ, राती आमी झोपतो."

हे ऐकले आणि मला हणजूण आठवले. साठ-सत्तरच्या दशकांत इस्तंबूल, तेहरान, काबूल असा खुष्कीचा प्रवास करून हिप्पींच्या फोक्सवॅगन गाड्या आपल्या किनाऱ्यावर येत. 1979 मध्ये इराणात क्रांती झाली, वर्षअखेरीस सोव्हिएत फौजा अफगाणिस्तानात शिरल्या आणि ती वाट मोडली. पण पडदे लावलेली ती गाडी म्हणजे रिकामटेकड्यांची चैन, ही समजूत आपल्याकडे राहून गेली.

इतिहास मात्र वेगळा आहे. बेन पॉन नावाच्या डच व्यापाऱ्याने 1947 साली फोक्सवॅगनच्या कारखान्यात सामान वाहणारी एक ओबडधोबड गाडी पाहिली आणि वहीत एका व्हॅनचे रेखाटन केले. 1950 मध्ये ती व्हॅन तयार होऊ लागली. गिऱ्हाईक होते ते दुकानदार आणि कारागीर. 1951 मध्ये वेस्टफालिया या जर्मन कंपनीने तिच्यासाठी झोपायची सोय आणि कपाट असलेली एक सुटी पेटी काढली. आठवडाभर माल वाहायचा, रविवारी पेटी बसवून सहलीला निघायचे, सोमवारी पेटी बाहेर! दोन गाड्या न परवडणाऱ्यांची ही युक्ती होती.

आपल्याकडे ही युक्ती जमली ती ओमनीत. 1984 साली ती 'मारुती व्हॅन' म्हणून आली, 1988 मध्ये तिला ओमनी हे नाव मिळाले आणि 2019 मध्ये तिचे उत्पादन थांबले. इंजिन अवघे 796 सीसीचे, तेही पुढच्या आसनांखाली. त्यामुळे मागची जमीन सपाट आणि मोकळी. बाजूची दारे सरकणारी, म्हणून अरुंद जागेतही आजाऱ्याला आत-बाहेर करणे सोपे.

आता कॅराव्हॅन पर्यटनाची धोरणे आली आहेत, महाराष्ट्रानेही 2021 मध्ये असे धोरण आणले. दुसरीकडे, उत्पादकाने ठरवलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत असा बदल गाडीत करता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2019 मध्ये बजावले. सुरक्षिततेसाठी ते योग्यच. पण धोरण आखताना डोळ्यांपुढे फक्त वातानुकूलित गाडीतला पर्यटक असू नये. फोक्सवॅगनचा कॅम्पर कष्टकऱ्याच्या गाडीतच जन्मला होता, आणि जामसावळीच्या त्या फळ्यांवर मला तोच दिसला.

निघताना त्या मुलाने माझ्या हातावर दोन संत्री ठेवली. आई अजून झोपली होती, म्हणून त्याने दार अगदी हळू सरकवले.