फिनिशियन : शब्दाचा अर्थ आणि उगम

फिनिशियन : आजच्या लेबनॉनच्या आणि लगतच्या सीरियाच्या किनाऱ्यावरील टायर, सिडॉन, बिब्लॉस इत्यादी नगरांतल्या दर्यावर्दी व्यापाऱ्यांना ग्रीकांनी दिलेले नाव. ते त्यांचे स्वतःचे नव्हे, हे वाचकाने पक्के ध्यानात ठेवावे. आपल्याकडे सातारकर, नगरकर म्हणतात तसे ते लोक टायरचे, सिडॉनचे म्हणवीत. प्रदेशाचे जुने नाव कनान.

ग्रीक ‘फोइनिक्स’ या शब्दाचा एक अर्थ जांभळट लाल रंग. हा रंग म्युरेक्स जातीच्या समुद्री गोगलगायींपासून निघे. त्यांच्या ग्रंथीतला स्राव आधी फिकट असतो. हवा आणि ऊन लागले की हिरवट होत होत शेवटी जांभळा होतो. १९०९ साली फ्रीडलेंडर या जर्मन रसायनशास्त्रज्ञाला १२,००० गोगलगायींतून जेमतेम १.४ ग्रॅम रंगद्रव्य मिळाले. असे कापड राजेरजवाड्यांनाच परवडे, यात नवल नाही. रंगावरून लोकांना नाव पडले की लोकांवरून रंगाला, याविषयी मतभेद आहेत; पहिले मत अधिक सयुक्तिक वाटते. खजुराचे झाड आणि राखेतून उठणारा पुराणपक्षी यांनाही ग्रीकात हाच शब्द आहे.

लॅटिनमध्ये याच शब्दाची ‘पोएनुस’, ‘पुनिकुस’ अशी रूपे झाली. टायरच्या लोकांनी वसवलेल्या कार्थेजशी रोमने इ.स.पू. २६४ ते १४६ या काळात केलेल्या तीन युद्धांना म्हणूनच प्यूनिक युद्धे म्हणतात. रोमन लोक डाळिंबाला ‘प्यूनिक फळ’ म्हणत. डाळिंबाच्या ‘प्युनिका ग्रॅनॅटम’ या शास्त्रीय नावात तो शब्द आजही टिकून आहे.