चमत्कार, महामारी आणि शीव

‘शीव’ म्हणजे हद्द. गावाच्या शिवेवर दैवत बसवावे, ही आपली जुनी रीत. मुंबई बेटाच्या उत्तर टोकाला, खाडीपलीकडच्या साष्टीकडे तोंड करून वसलेल्या शीवला हे नाव शोभते. येथेच सोळाव्या शतकाच्या अखेरीस फ्रान्सिस्कन धर्मगुरूंनी मारियामातेचे चर्च उभारले. प्रस्तुत लेखात मात्र वेगळ्या शिवेचा विचार करायचा आहे. ती शीव आहे पुरावा आणि विश्वास यांच्यामधली.

मिस्सेतील भाकरी व द्राक्षरस हे ख्रिस्ताचे शरीर व रक्त होतात, ही कॅथलिक पंथाची मध्यवर्ती श्रद्धा. १२१५ सालच्या लॅटरन धर्मपरिषदेने तिला तात्त्विक परिभाषा दिली. रूप, रंग, चव पूर्ववतच राहतात. बदलते ते तत्त्व, असे हा सिद्धान्त सांगतो. म्हणजे जे घडते ते डोळ्यांना दिसूच नये, अशीच त्याची मांडणी आहे. तरीही ते दिसल्याच्या कथा युरोपभर पसरल्या. १२६३ साली इटलीतील बोल्सेना येथे एका साशंक धर्मगुरूच्या हातातील भाकरीतून रक्त ठिबकले, अशी आख्यायिका आहे. पुढच्याच वर्षी पोप अर्बन चौथे यांनी ख्रिस्तशरीराचा सण सर्व चर्चसाठी जाहीर केला. या दोन घटनांचा संबंध पुढे सर्रास जोडला गेला. पण पोपच्या आज्ञापत्रात बोल्सेनाचा उल्लेखच नाही. कथा मागाहून सणाला येऊन चिकटली, असे मानण्यास त्यामुळे जागा राहते.

अशा कथांची घडण पाहण्यासारखी आहे. चमत्काराला एक साशंक माणूस लागतो. तो न मिळाल्यास अपराधी लागतो. १३७० साली ब्रुसेल्समध्ये पवित्र भाकरीला भोसकल्याचा आरोप ज्यूंवर ठेवून त्यांना ठार करण्यात आले, आणि भाकरीतून रक्त वाहिल्याचा ‘चमत्कार’ शतकानुशतके पूजला गेला. तो आरोप निराधार होता, हे तेथील धर्मप्रांताने १९६८ साली मान्य केले. श्रद्धा पुराव्याच्या मागे लागली की कधीकधी तिचा हात दुसऱ्याच्या गळ्यापर्यंत पोहोचतो, तो असा.

आता मुंबईकडे येऊ. सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवी भागात डॉ. अकासियो व्हिएगस यांनी गाठीच्या प्लेगचे निदान केले. व्हिएगस स्वतः गोव्याचे कॅथलिक. लोक शहर सोडून पळू लागले. जानेवारी १८९७ मध्ये हाफकिन यांनी आपली लस प्रथम स्वतःवर टोचून घेतली. त्याच काळात गिरगाव, माझगाव, दादर, माहीम, वांद्रे येथील ख्रिस्ती वस्त्यांत, गल्लीच्या तोंडाशी, क्रूस उभे राहू लागले. ‘प्लेग क्रॉस’ म्हणून आज ओळखले जातात ते हेच. त्यांवरचा मजकूर बहुधा त्रोटक असतो: साल, कुटुंबाचे किंवा वाडीचे नाव, एखादी विनवणी.

या क्रुसांजवळ रक्त ठिबकल्याची कथा लागत नाही. तेथे साशंक धर्मगुरू नाही आणि अपराधीही नाही. महामारीत कुणावर तरी ठपका ठेवण्याची ओढ अनावर असते, हे लक्षात घेता ही गोष्ट लहान नव्हे. ‘आम्हांला वाचव’ एवढेच मागणे, आणि वाचला नाहीस तरी उभे राहणे. मे महिन्यात ईस्ट इंडियन वस्त्यांत अशा क्रुसांपुढे सायंप्रार्थना होते आणि शेवटी उकडलेले चणे वाटले जातात. वेदीवरची भाकरी अशी रस्त्यावर चणे होऊन येते, असे म्हणण्याचा मोह होतो. धर्मशास्त्राला हे मान्य होणार नाही. साहित्याच्या विद्यार्थ्याला मात्र त्यातली संगती नाकारता येणार नाही.

आजची शीव हीदेखील काही अंशी प्लेगचीच निर्मिती आहे. दाटीवाटीच्या वस्तीवर उपाय म्हणून १८९८ साली सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला, आणि त्याच्या योजनांतून दादर, माटुंगा, शीव या भागांची आखणी झाली. त्याच शीवला २०२० साली दुसऱ्या महामारीने गाठले. धारावीला लागून असलेले लोकमान्य टिळक रुग्णालय रुग्णांनी भरले. मार्चपासून सार्वजनिक मिस्सा थांबल्या. १२ एप्रिलचा ईस्टर भाविकांनी घरी, पडद्यासमोर साजरा केला. ज्या भाकरीसाठी सारा पंथ उभा, तीच हाती नव्हती. उरली ती ‘आत्मिक सहभागा’ची जुनी प्रार्थना, म्हणजे न मिळालेल्या प्रसादाची केवळ इच्छा.

बोल्सेनाच्या धर्मगुरूच्या हातात भाकरी होती, पण विश्वास डळमळत होता. शीवच्या घराघरांत त्या वर्षी भाकरी नव्हती. जे होते त्याला चमत्कार म्हणावे की नाही, हे ज्याचे त्याने ठरवावे.